ओमेप्राझोल ॲसिडमध्ये किती वेगाने तुटतं, हे मोजायचं कसं?

तुमची अडचण अशी: ओमेप्राझोल (पोटातलं ॲसिड कमी करणारं औषध) ०.१ नॉर्मल (नॉर्मल हे तीव्रतेचं एकक) हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये टाकलं, दर पाच मिनिटांनी नमुना काढून यूव्हीवर (अतिनील प्रकाश किती शोषला जातो ते मोजणाऱ्या यंत्रावर) वाचला, पण आकड्यांचा मेळ बसत नाही.

बसणार कसा? पीएच ४ च्या खाली या औषधाचं अर्धायुष्य (निम्मं औषध तुटायला लागणारा वेळ) दहा मिनिटांच्याही आत असतं, आणि तुमचं ॲसिड तर पीएच १ च्या आसपास. पहिला नमुना काढेपर्यंत बराच खेळ आटोपलेला असतो. शिवाय तुटून जे तयार होतं तेही प्रकाश शोषतं (द्रावण जांभळट-तपकिरी झालेलं पाहिलं असेलच). तेव्हा यूव्ही सोडा, एचपीएलसीवर जा, म्हणजे मिश्रणातले घटक कॉलम नावाच्या नळीत वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर. ३०२ नॅनोमीटरला वाचा आणि मोबाइल फेज (कॉलममधून वाहणारा द्रव) ७.६ पीएचच्या फॉस्फेट बफरचा (पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणाचा) ठेवा, नाहीतर कॉलममध्येच औषध तुटेल.

पण खरी मेख नमुना काढल्यानंतर आहे. एम.फार्म.ला असताना मी सगळे नमुने तसेच व्हायलमध्ये (छोट्या बाटल्यांमध्ये) भरून ऑटोसॅम्पलरला (एचपीएलसीत एकामागून एक नमुने आपोआप सोडणाऱ्या भागाला) लावले आणि चहाला गेलो. एकेका इंजेक्शनला बारा मिनिटं. रांगेत उभ्या व्हायलमध्ये ॲसिड आपलं काम करतच होतं! अर्ध्या मिनिटाचा नमुना आणि दहा मिनिटांचा नमुना, दोन्ही जवळपास कोरे.

म्हणून नळ्यांमध्ये आधीच १ मिली ०.२ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड (अल्कली) भरून ठेवा. ॲसिड ३७ अंशांवर आणा, त्यात औषध घाला, स्टॉपवॉच दाबा आणि अर्ध्या, एक, दोन, चार, सात मिनिटांना १ मिली नमुना थेट त्या नळीत सोडा. अल्कलीत औषध टिकतं. ॲसिड आणि अल्कली आधी एकत्र करून मग औषध घातलेली एक नळीही ठेवा, तोच तुमचा खरा शून्य मिनिटाचा नमुना.

ॲसिड औषधाच्या मानाने भरपूर असल्यामुळे उरलेल्या औषधाचा नैसर्गिक लॉग वेळेसमोर मांडला की सरळ रेष येते. समजा तिचा उतार मिनिटाला ०.१४ आला, तर ०.६९३ भागिले ०.१४, म्हणजे अर्धायुष्य सुमारे पाच मिनिटं.

रेष सुरुवातीलाच वाकली तर बहुधा तुम्ही भुकटी थेट टाकलीत. ती विरघळायला लागणारा वेळही मग त्यात मोजला जातो. औषध आधी थोड्या मिथेनॉलमध्ये विरघळवून घ्या आणि त्याचे मोजके थेंबच ॲसिडमध्ये सोडा.