लंबवर्तुळी दीर्घिकेतला कृष्णपदार्थ: मॉडेल बांधण्याआधी

सर्पिल दीर्घिकेत हायड्रोजन वायूचा फिरण्याचा वेग मोजला की कृष्णपदार्थ (न दिसणारा, फक्त गुरुत्वाकर्षणातून कळणारा पदार्थ) किती, हे बरंचसं कळतं. लंबवर्तुळीत ती सोय सहसा नाही. तारे वाट्टेल त्या दिशेला पळतात आणि आपल्या हाती लागतो फक्त दृष्टिरेषेवरचा वेग. म्हणून जीन्स समीकरणात (ताऱ्यांच्या वेगांवरून वस्तुमान काढायचं समीकरण) बीटा, म्हणजे कक्षा त्रिज्येच्या दिशेला किती झुकल्यात ते सांगणारा आकडा, शून्य धरून मोकळा होऊ नकोस. (आम्ही सगळ्यांनी ते एकदा केलंय!)

आधी एनजीसी ३३७९ या लंबवर्तुळी दीर्घिकेचं प्रकरण समजून घे. २००३ मध्ये रोमानोव्स्की आणि सहकाऱ्यांना तिथल्या ग्रहीय अभ्रिकांच्या (मरणाऱ्या ताऱ्यांनी फेकलेल्या चमकत्या वायूच्या कवचांच्या) वेगांचा विखुर, म्हणजे वेगांतला पसारा, बाहेर जाताना घसरताना दिसला. कृष्णपदार्थ फारसा नाहीच, असा अर्थ निघाला. २००५ मध्ये डेकेल आणि मंडळींनी दाखवलं, की बाहेरच्या ताऱ्यांच्या कक्षा लांबट, त्रिज्येच्या दिशेच्या असतील तर नेहमीच्या कृष्णपदार्थातही विखुर असाच घसरतो.

तेव्हा मॉडेलमध्ये विखुराबरोबर एच४ (वेगांच्या वितरणाचा आकार घंटाकार वक्रापासून किती ढळतो ते सांगणारा आकडा) सुद्धा बसव. जमलं तर वेगळा पुरावा जोड: एम८७ या लंबवर्तुळी दीर्घिकेत क्ष-किरण देणारा तप्त वायू आहे, काही दीर्घिकांत गुरुत्वीय भिंग (मागून येणारा प्रकाश दीर्घिकेच्या गुरुत्वाने वळणं) सापडतं. ताऱ्यांचं वस्तुमान-तेज गुणोत्तरही गोठवू नकोस. जन्मणाऱ्या ताऱ्यांत लहान-मोठे किती, हे सांगणारं शाब्रिएचं सूत्र सोडून साल्पीटरचं धरलं, की ताऱ्यांचं वस्तुमान सुमारे पावणेदोन पट होतं आणि आतल्या भागातला तेवढा कृष्णपदार्थ कागदावरून गायब.