अनंत ‘पूर्ण’ झाले म्हणजे काय?

प्रश्न : आम्ही दोघे निवृत्त मित्र संध्याकाळी कृष्णेच्या घाटावर बसतो. माझे म्हणणे असे, की जे संपतच नाही त्याचा ‘पूर्ण संच’ गणिती कसा मांडतात? मित्र म्हणतो, विश्वच अनंत आहे, म्हणजे पूर्ण अनंत डोळ्यांसमोर आहे. वर भास्कराचार्यांच्या खहर राशीचा दाखला देतो. कोणाचे खरे? — एक वाचक, सांगली

उत्तर : आपल्या बाजूला गाऊससारखा गणिती आहे. अनंत राशीला पूर्ण झालेली वस्तू मानण्यास त्याने १८३१ मधील एका पत्रात स्पष्ट हरकत घेतली होती. खहराचा दाखला मात्र येथे लागू पडत नाही. शून्याने भागलेल्या राशीत काही मिळवले वा वजा केले तरी ती बदलत नाही, एवढेच भास्कराचार्य सांगतात, संचाविषयी ते बोलत नाहीत.

हळदीच्या पोत्यांची थप्पी डोळ्यांसमोर आणा. प्रत्येक पोत्यावर एकेक चिठ्ठी ठेवली आणि चिठ्ठी उरली नाही, पोतेही मोकळे राहिले नाही, तर दोहोंची संख्या सारखी, हे न मोजता कळते. याच रीतीने १, २, ३, ४ यांच्याशी १, ४, ९, १६ या वर्गसंख्यांची जोडी लावली तर कोणीच उरत नाही, हे गॅलिलिओने १६३८ मध्ये दाखवले आणि ‘लहान-मोठे’ हे शब्द अनंताला लावू नयेत, असे म्हणून तो थांबला. संचांचा सिद्धांत मांडणारा गणिती कँटर मात्र थांबला नाही. ० आणि १ यांमधील सर्व दशांश संख्यांची यादी केली, असे समजा. पहिल्या संख्येचा पहिला अंक, दुसरीचा दुसरा, तिसरीचा तिसरा असे कर्णावरचे अंक पाहत जा. ५ दिसला तर ६ लिहा, एरवी ५ लिहा. तयार होणारी संख्या यादीतल्या प्रत्येक संख्येहून निदान एका अंकाने वेगळी, म्हणजे यादीबाहेरची. म्हणून १, २, ३ यांच्याशी जोडी लावली तरी दशांश संख्या उरतातच, त्यांचे अनंत मोठे. मोजणी कधीच संपत नाही, नियम मात्र एका वाक्यात संपतो. ‘पूर्ण’ म्हणायचे ते यालाच. तरीही असा अनंत संच असतो, हे कोणी सिद्ध केलेले नाही. गणिती झर्मेलोने १९०८ मध्ये ते गृहीतक म्हणूनच मांडले, आणि ब्राउअरसारख्या गणितींनी पूर्ण अनंत नाकारूनही गणित केले. तेव्हा आपली हरकत चुकीची नाही. ती एक गृहीतक न स्वीकारण्याची भूमिका आहे.

मित्राचा दावा मला अधिक कच्चा वाटतो. आपल्याला दिसू शकणारे विश्व सर्व दिशांना सुमारे ४६ अब्ज प्रकाशवर्षांपर्यंतच आहे. अवकाशाची वक्रता दाखवणारा आकडा प्लँक उपग्रहाच्या २०१८ च्या विश्लेषणात सुमारे ०.००१ आला, त्यातील अनिश्चितता सुमारे ०.००२, म्हणजे तो शून्याशी जुळतो, पण नेमका शून्यच आहे असे कोणतेही मोजमाप सांगू शकत नाही. बरे, तो शून्य, म्हणजे अवकाश सपाट, असे धरले तरी ते अनंतच ठरते असे नाही. वहीचा कागद गुंडाळून नळी केली, तर तिच्यावर काढलेल्या छोट्या त्रिकोणाच्या कोनांची बेरीज सपाट कागदासारखी १८० अंशच भरते, आणि तरीही नळीभोवती सरळ चाललेली मुंगी निघाल्या जागी परत येते.