वर्गात आनंदाचा प्रकल्प पहिल्यांदाच घेताय? मग हे वाचा

पहिल्या तासाला ‘आनंद म्हणजे काय?’ असं विचारू नका. मुलं सुविचार ऐकवतात आणि विषय तिथेच संपतो. त्याऐवजी शिडी काढा : तळाला ० म्हणजे सर्वांत वाईट आयुष्य, वर १० म्हणजे सर्वांत चांगलं. जागतिक आनंद अहवाल २०१२ पासून निघतो, त्यातली देशांची क्रमवारी याच प्रश्नावर बेतलेली आहे : आपलं आयुष्य कितव्या पायरीवर आहे? प्रत्येकाने आकडा चिठ्ठीवर लिहावा, नाव न घालता. आकडे मोठ्याने वाचून दाखवू नका. कोणाची पायरी खरंच खालची असू शकते.

आता खरी मजा. ‘हॅपी प्लॅनेट इंडेक्स’ ही देशांची दुसरी क्रमवारी समोर ठेवा. त्यात लोकांचं समाधान आणि आयुर्मान यांच्यासोबत त्यासाठी निसर्गाचं किती ओरबाडलं, हेही मोजतात. म्हणून बरेच श्रीमंत देश मागे पडतात आणि कोस्टा रिका अनेकदा पहिला आलाय. मुलं इथे हमखास भांडतात. भांडू द्या, तुम्ही निवाडा करायला जाऊ नका. दुसऱ्याच्या वाट्याचं पाणी वापरून मिळालेला आनंद मोजायचा का, हा प्रश्न मुलांकडूनच येतो. नाही आला तर तुम्ही टाका.

मग मुलांचे गट करा आणि प्रत्येक गटाला आसपासच्या लोकांचा आनंद हिरावणारी एकच अडचण निवडू द्या : कचरा, गोंगाट, एकटे पडलेले म्हातारे. निवडलेल्या अडचणीची झळ बसणाऱ्या माणसांशी बोलल्याशिवाय उपाय लिहायचा नाही, एवढा नियम पुरे. पोस्टर स्पर्धा मात्र टाळा. (वरिष्ठ मागतीलच.) गुण द्यायचेच असतील तर विचारलेल्या प्रश्नांना द्या.