जांघेतील दुखणे आणि वाढत्या वयाचा फुटबॉलपटू

प्रश्न : माझा पंधरा वर्षांचा मुलगा शाळेच्या आणि पेठेतील तालमीच्या अशा दोन संघांतून फुटबॉल खेळतो. सहा महिन्यांपूर्वी त्याची जांघ भरून आली होती. दहा दिवस विश्रांती घेऊन तो पुन्हा मैदानात उतरला. आता जोराची किक मारताना आणि पळता पळता एकदम वळताना तेथेच दुखते. कोणी म्हणते अवधाण आले, कोणी तेल चोळायला सांगते. हे कशामुळे होते? खेळ बंद करावा काय?
— एक पालक, कोल्हापूर

उत्तर : पायाला जखम झाली की जांघेत जी दुखरी गाठ हाताला लागते, तिला अवधाण म्हणतात. आपल्या मुलाला किक मारताना आणि वळतानाच दुखते, त्यावरून मांडीच्या आतील बाजूचे, पाय एकमेकांकडे ओढणारे स्नायू दुखावले असण्याची शक्यता अधिक वाटते.

आपल्या पत्रातील ‘दहा दिवस’ हे शब्द मला सर्वांत महत्त्वाचे वाटतात. जांघेची जुनी दुखापत आणि या स्नायूंची कमी ताकद ही दुखणे उद्भवण्याची ठळक कारणे म्हणून अनेक अभ्यासांत आढळली आहेत. विश्रांतीने दुखणे थांबते, ताकद मात्र आपोआप परत येत नाही, आणि त्याच अशक्त स्नायूवर मुलगा पुन्हा सामना खेळतो. त्यात दोन संघ असले की शाळेच्या सरावाची तालमीच्या प्रशिक्षकांना कल्पना नसते आणि आठवड्याचा एकूण भार कोणीच मोजत नाही. तो आपण वहीत लिहून दोघांनाही दाखवावा, असा माझा आग्रह आहे.

वयाचाही येथे मोठा वाटा आहे. या वयात हाडे झपाट्याने वाढतात आणि ओटीपोटाच्या हाडावर जेथे स्नायू जोडलेले असतात, तेथील वाढीचा भाग अजून कच्चा असतो. जोराच्या किकमुळे तेथील हाडाचा तुकडा सुटूही शकतो. म्हणून तपासणीपूर्वी तेल लावून जोराने रगडू नये.

घरी एक गोष्ट करून पाहावी. मुलाला उताणे झोपवून गुडघे वाकवावेत, दोन्ही गुडघ्यांमध्ये फुटबॉल ठेवावा आणि तो हळूहळू दाबायला सांगावे. जांघेत कळ आली, तर सामने आणि जोराच्या किक थांबवून क्रीडावैद्यक तज्ज्ञांना किंवा फिजिओथेरपिस्टना दाखवावे. खेळ कायमचा बंद करण्याची गरज सहसा पडत नाही. दुखत नसेल तर सायकल आणि सरळ रेषेतील हलके धावणे चालू ठेवता येते.

दुखणे शमल्यावर ताकदीचा व्यायाम हवा. कुशीवर झोपून वरचा पाय जोडीदाराने धरायचा आणि त्याच पायाच्या जोरावर कंबर उचलायची, अशा एकाच व्यायामाने नॉर्वेतील निमव्यावसायिक पुरुष फुटबॉलपटूंमध्ये जांघेच्या तक्रारींचा धोका 41 टक्क्यांनी घटल्याचे 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. ते खेळाडू प्रौढ होते. आपल्या मुलाने सुरुवातीला घोट्याऐवजी गुडघ्याखाली आधार घ्यावा आणि फेऱ्या थोड्याच ठेवाव्यात.

मुलगा लंगडत असेल, रात्री दुखत असेल किंवा मार न लागताही गुडघा दुखत असेल, तर खुब्याची तपासणी व एक्स-रे लांबवू नये, कारण खुब्याचे दुखणे कधी कधी गुडघ्यात जाणवते. अंडकोषात किंवा जांघेत अचानक असह्य कळ आली, तर मुले लाजेने सांगत नाहीत. पण अंडकोषाला पीळ पडला असल्यास सहा तासांच्या आत शस्त्रक्रिया व्हावी लागते. हे त्याला आजच स्पष्ट शब्दांत सांगून ठेवावे.