किंमत, पिक्चर क्वालिटी आणि टिकाऊपणा तिन्ही बघता टीव्ही कुठल्या ब्रँडचा घ्यावा?

तुम्ही विचारलंय की सोनी, सॅमसंग, एलजी एका बाजूला आणि टीसीएल, हायसेन्स, शाओमी दुसऱ्या बाजूला, यातला कुठला ब्रँड डोळे झाकून घ्यावा. पहिलं म्हणजे टीव्ही डोळे झाकून घेऊच नका, डोळे उघडे ठेवून वापरायची वस्तू आहे ती. दुसरं म्हणजे मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेली बाई आहे आणि "ब्रँड तो ब्रँडच" हे वाक्य सासरी इतक्यांदा ऐकलंय की हा प्रश्न दिसला की मला गप्प बसवत नाही. त्यामुळे उत्तर लांबणार आहे, घाई असेल तर मधला किस्सा सोडून खाली जा.

आधी ब्रँडचं काय ते बघू. एकाच कंपनीचा सगळ्यात स्वस्त ५५ इंची आणि सगळ्यात महाग ५५ इंची शेजारी शेजारी लावा, त्यांच्यात जो फरक दिसेल तो दोन वेगळ्या कंपन्यांच्या सारख्या लेव्हलच्या मॉडेलांत शोधून सापडणार नाही. टीव्हीतला सगळ्यात महाग भाग म्हणजे पॅनल, म्हणजे चित्र दाखवणारा पडदा, आणि ते बऱ्याच कंपन्या स्वतः बनवतच नाहीत. सोनीच्या ओएलईडीतलं, म्हणजे ज्यात प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो त्या टीव्हीतलं, पॅनल एलजी डिस्प्लेकडून नाहीतर सॅमसंग डिस्प्लेकडून येतं. सॅमसंग डिस्प्लेने एलसीडी पॅनल, म्हणजे ज्याला मागून उजेड द्यावा लागतो ते, बनवणं २०२२ मध्येच बंद केलं, म्हणजे आज सॅमसंगचा क्यूएलईडी (तोही एलसीडीच) घेतलात तरी आतलं पॅनल बाहेरून घेतलेलंच असतं, बीओई, सीएसओटी असल्या कुणा पॅनल बनवणाऱ्या कंपनीकडून, आणि ही सीएसओटी टीसीएलच्याच घरातली. तोशिबाचा टीव्हीचा धंदा २०१८ पासून हायसेन्सकडे आहे. शार्प २०१६ मध्ये फॉक्सकॉनने घेतली. फिलिप्सचं नाव लावून टीव्ही विकणारी कंपनी तर वेगळीच आहे, फिलिप्स स्वतः त्यातून केव्हाच बाहेर पडली. आणि कहर म्हणजे सॅमसंगचं २०२४ चं एस९०डी मॉडेल, त्यात साइज किंवा देश बदलला की पॅनलची जातच बदलते, कुठे क्यूडी-ओएलईडी तर कुठे डब्ल्यूओएलईडी (ओएलईडीच्याच दोन वेगळ्या जाती), बॉक्सवर नाव मात्र तेच.

मग कंपनीचं स्वतःचं काय उरतं, तर प्रोसेसर, सॉफ्टवेअर, रंगांचं सेटिंग आणि सर्व्हिस. हे कमी आहे असं मी म्हणत नाही, सोनीचं मोशन, म्हणजे हलतं चित्र दाखवणं, आणि खराब सिग्नल सुधारून दाखवणं खरंच चांगलं असतं. पण त्यासाठी किती जास्त मोजायचे हा प्रश्न विचारायची आमच्याकडे सोय नव्हती.

तर किस्सा. आम्ही आणि माझ्या धाकट्या दिरांनी, म्हणजे आमच्या भाऊजींनी, एकाच सुमारास टीव्ही घेतले. त्यांनी मोठ्या नावाचा घेतला, बोटभर जाडीचा. मी घेतला तेव्हाच्या मानाने नवख्या नावाचा आणि मागून चांगला जाडजूड. जाड मी मुद्दाम घेतला होता. एलसीडी टीव्हीत पडद्यामागे एलईडीच्या पट्ट्या असतात, त्या पूर्ण पाठीवर पसरलेल्या असतील तर डायरेक्ट लिट आणि नुसत्या खालच्या किंवा बाजूच्या कडेला असतील तर एज लिट. एज लिटमध्ये सगळे एलईडी एका कडेला दाटीवाटीने बसवलेले असतात, सगळी उष्णता तिथेच, आणि तो प्रकाश एका ॲक्रिलिकच्या प्लेटमधून पूर्ण पडद्यावर पसरवायचा. दिसायला टीव्ही पातळ होतो, बाकी त्यात तुमचा फायदा शून्य. हे मी तेव्हा सांगितलं होतं. भाऊजी म्हणाले, "वहिनी, टीव्ही समोरून बघतात, मागून नाही." सगळे हसले. मग काय, कुणीही पाहुणे आले की आमच्या टीव्हीची मागची बाजू दाखवायचा कार्यक्रम ठरलेला.

वॉरंटी संपून थोडेच दिवस झाले असतील, भाऊजींचा फोन आला, आवाज येतोय पण चित्र नाही. कंपनीचा माणूस येऊन गेला होता, बघून म्हणाला पॅनल गेलं, आणि खर्च सांगितला तो जवळजवळ नव्या टीव्हीएवढा. घरात नव्या टीव्हीची चर्चा सुरू, अर्थात त्याच ब्रँडच्या. मी म्हटलं थांबा, मी येते.

गेल्यावर टीव्ही बंद करून परत चालू केला. कंपनीचा लोगो सेकंदभर चमकला आणि पडदा काळा झाला, आवाज व्यवस्थित. हे लक्षण ज्याने एकदा पाहिलंय तो विसरत नाही. खोलीतले दिवे घालवले, पडदे ओढले, मोबाइलची टॉर्च पडद्याला जवळजवळ टेकवून तिरपी धरली आणि रिमोटने आवाज कमीजास्त केला. टॉर्चच्या त्या गोलात व्हॉल्यूमची पट्टी पुसट पुसट सरकताना दिसत होती. म्हणजे पॅनल चित्र काढतंय, त्याच्यामागे उजेड नाही एवढंच. बॅकलाइट गेलाय. पट्टीतले एलईडी सिरीजमध्ये जोडलेले असतात, एक जरी उडाला तरी ती पूर्ण ओळ बंद पडते आणि ड्रायव्हर सर्किट स्वतःला वाचवायला सगळाच बॅकलाइट बंद करतं. मी हे समजावून सांगतेय आणि भाऊजी म्हणतात, "वहिनी, पण कंपनीचा माणूस ट्रेनिंग घेतलेला असतो हो." आमचे हे दोघांच्या मधे बसून मोबाइल बघत होते.

माझ्या डिप्लोमाच्या बॅचमधला एक जण रिपेअरिंग करतो, त्याला बोलावलं. पॅनल उतरवणं हे खरं नाजूक काम, काचेच्या कडेला फिल्मसारख्या पातळ पट्ट्या असतात, त्यातली एक जरी ओढली गेली तरी पडद्यावर कायमची उभी रेघ, म्हणून काच दोघांनी व्हॅक्यूम कपने उचलायची आणि पलंगावर सपाट ठेवायची. मग एकेक पांढरी शीट काढायची आणि कुठली वर कुठली खाली ते लक्षात ठेवायचं. खाली ॲल्युमिनियमला चिकटवलेली पट्टी दिसली, तिच्या मधोमध एका एलईडीच्या पिवळ्या ठिपक्यावर तपकिरी डाग, टाचणीच्या डोक्याएवढा. टेस्टर लावला, बाजूचे सगळे पेटले, तो नाही पेटला. आणि शेजारच्या ॲक्रिलिक प्लेटची कड तेवढ्याच भागात पिवळी पडलेली. एवढ्यासाठी पॅनल गेलं म्हणून सांगितलं होतं. पूर्ण पट्टीच बदलली, कारण एकच एलईडी बदलला तर शेजारचे थोड्या दिवसांनी रांगेने जातात, आणि बॅकलाइटचा करंट थोडा कमी करून दिला. खर्च आला तो सांगितलेल्या रकमेच्या आसपाससुद्धा नव्हता.

टीव्ही चालू झाला. भाऊजी म्हणाले, "बघा, ब्रँड चांगला म्हणून रिपेअर तरी झाला." मी काही बोलले नाही, तेव्हा बोलले नाही म्हणून आता इथे लिहितेय.

ब्रँडचं नाव विचारू नका, सांगणार नाही, कारण त्या नावाचा यात काही संबंधच नाही. त्याच कंपनीचा फुल ॲरे, म्हणजे पूर्ण पाठीवर एलईडी पसरलेला, टीव्ही असता तर कदाचित काही झालं नसतं आणि दुसऱ्या कंपनीचा एज लिट असता तर हेच झालं असतं. आरटिंग्ज नावाची टीव्ही तपासणारी साइट आहे, त्यांनी २०२२ पासून १०० टीव्ही हजारो तास चालवून बघितले, त्यातही एज लिट एलसीडीच जास्त खराब होताना दिसले, आणि त्यात मोठी नावं होतीच.

आता तुमचा प्रश्न. पिक्चरसाठी ब्रँड सोडा, या गोष्टी बघा. अंधारात बसून सिनेमे बघणार असाल आणि बजेट असेल तर ओएलईडी, कारण त्यात प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळतो आणि स्वतः विझतो, बॅकलाइटची भानगडच नाही, काळा म्हणजे काळाच. एलजी, सोनी, सॅमसंग कुणाचाही घ्या, खालच्या लेव्हलचा ओएलईडीसुद्धा साध्या एलसीडीपेक्षा अंधारात वरचढ दिसतो. नाव सारखं वाटतं म्हणून क्यूएलईडीला ओएलईडीचा भाऊ समजू नका, क्यूएलईडी म्हणजे बॅकलाइटवाला एलसीडीच, वर क्वांटम डॉटचा थर, त्याने रंग चांगले येतात, काळा नाही येत. खोलीत दिवसभर उजेड असेल तर मिनी एलईडी, फुल ॲरे लोकल डिमिंगवाला, म्हणजे पाठीवर बारीक एलईडी आणि त्यांचे गट (झोन) चित्राप्रमाणे वेगवेगळे मंद होणारे. इथे टीसीएल आणि हायसेन्स त्याच पैशात जास्त झोन आणि जास्त ब्राइटनेस देतात, हे मोठ्या ब्रँडवाल्यांना कितीही झोंबलं तरी खरं आहे. मोशन आणि प्रोसेसिंग मात्र सोनीचं पुढे, क्रिकेट-फुटबॉल बघणाऱ्याला ते जाणवतं.

एलसीडी घेत असाल तर पॅनल व्हीए की आयपीएस, या दोन प्रकारांतलं कुठलं, तेही विचारा. व्हीएचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे पांढऱ्या-काळ्यातला फरक, साधारण ३०००:१ च्या पुढे असतो, आयपीएसचा हजारेक, म्हणजे अंधारात आयपीएसचा काळा राखाडी दिसतो, पण खोलीत बाजूला बसणाऱ्यांना आयपीएसवर रंग धड दिसतात. दुकानातल्या माणसाला हे बहुतेक माहीत नसतं, मॉडेल नंबर टाकून स्वतः शोधा. आणि "मोशन रेट १२०" असं लिहिलेलं बघून भुलू नका, आत पॅनल ६० हर्ट्झचंच असू शकतं, नेटिव्ह रिफ्रेश रेट, म्हणजे पॅनल सेकंदाला खरंच किती वेळा चित्र बदलतं, ते बघा. एचडीआरचा, म्हणजे जास्त उजळ आणि जास्त गडद दाखवणाऱ्या चित्राचा, शिक्काही असाच, तीनशे निट्सच्या (निट म्हणजे उजेडाचं माप) टीव्हीवर एचडीआर लिहिलेलं असतं, सिग्नल घेतो एवढंच, दाखवायला तेवढा उजेड कुठाय. डॉल्बी व्हिजन हा एचडीआरचा प्रकार पाहिजे असेल तर सॅमसंगमध्ये मिळणार नाही, ते एचडीआर१०+ हा दुसरा प्रकार देतात.

टिकाऊपणाचं म्हणाल तर अर्धं तुमच्याच हातात आहे. टीव्ही बॉक्समधून काढला की व्हिव्हिड नाहीतर स्टोअर मोडवर असेल तर सगळ्यात आधी तो बदला, सिनेमा किंवा फिल्ममेकर मोड लावा. पहिले दोन दिवस चित्र पिवळट वाटतं, मग डोळे सरावतात आणि परत व्हिव्हिड बघवत नाही. व्हिव्हिडमध्ये बॅकलाइट पूर्ण शंभरावर असतो आणि एलईडी उष्णतेनेच मरतात. खोलीत जेवढा लागेल तेवढाच बॅकलाइट ठेवा. मागे भिंतीला हवा खेळायला जागा ठेवा, व्होल्टेज वरखाली होत असेल तर सर्ज प्रोटेक्टर नाहीतर स्टॅबिलायझर लावा. एज लिट घ्यायचाच नाही, कितीही देखणा असू दे. स्पेसिफिकेशनमध्ये सरळ लिहिलेलं नसतं, पण एलसीडी असून पूर्ण टीव्ही एकसारखा पातळ असेल तर समजून घ्या.

आणि सॉफ्टवेअर. पडदा ठणठणीत असतो, पण काही वर्षांनी ॲप अपडेट होत नाहीत आणि मेनू उघडायला जीव जातो. त्यासाठी अख्खा टीव्ही बदलणारे लोक मी बघितलेत. एक स्ट्रीमिंग स्टिक लावा, संपलं. म्हणून सॉफ्टवेअरवरून ब्रँड ठरवू नका, पडद्यावरून ठरवा.

हो, ओएलईडीचं वर एवढं कौतुक केलं पण घरात दिवसभर न्यूज चॅनल चालत असेल, खालची पट्टी आणि कोपऱ्यातला लोगो तासन्‌तास एकाच जागी, तर ओएलईडी घेऊ नका, बर्न-इन होतं, म्हणजे त्यांचा ठसा पडद्यावर कायमचा उमटतो, आणि बऱ्याच कंपन्या ते वॉरंटीत धरत नाहीत. गेमिंगवाल्यांनी एचडीएमआय २.१ चे पोर्ट किती आहेत ते मोजावे. आणि सर्व्हिसच्या बाबतीत मोठं नाव कधीकधी खरंच कामाला येतं, स्पेअर पार्ट जास्त वर्षं मिळतात, तुमच्या जवळ नव्या ब्रँडची सर्व्हिसच नसेल तर माझं वरचं सगळं बाजूला ठेवा आणि ज्याचा माणूस घरी येतो तोच घ्या. फक्त तो पॅनल गेलं म्हणाला तर लगेच हो म्हणू नका, आधी टॉर्च मारून बघा.

भाऊजी, तुम्ही हे वाचाल माहितीये मला. मागच्या वेळी आले तेव्हा टीव्ही परत व्हिव्हिडवर होता. रिमोट माझ्या हातात असता तर बदलला असता, आता तुम्हीच बदला, पिक्चर सेटिंगमध्ये पहिलाच ऑप्शन आहे.