हार्ले-डेव्हिडसनच्या स्ट्रीट ग्लाइडला मोठी चाकं टाकून मागून इंचभर खाली बसवायची आहे. पट्ट्या लावू की आखूड शॉक घेऊ?

जुनी स्ट्रीट ग्लाइड घेतलीत, पुढे २१ आणि मागे १८ इंची कस्टम चाकं ठरवलीत, आणि आता मागची बाजू इंचभर बसवायची म्हणताय. खर्च वाचवायला मागच्या शॉकच्या (शॉक अॅब्झॉर्बरच्या) खालच्या टोकाला, त्याची बसण्याची जागा सरकवणाऱ्या धातूच्या पट्ट्या लावून भागेल का, हा तुमचा प्रश्न.

नाही भागणार. आखूड शॉकच घ्या. हा उद्योग मी स्वतः करून बसलोय, म्हणून इतकं ठाम सांगतोय.

माझी गाडीही तीच, मागे मूळचा १८०/६५-१६ टायर (१८० मिमी रुंद, रबराची भिंत रुंदीच्या ६५ टक्के, रिम १६ इंच). १८ ची रिम आणि पट्ट्या मी एकाच शनिवारी बसवल्या. खाली पार्किंगमध्ये गाडी अशी काही दिसायला लागली की सोसायटीतली पोरं फोटो काढायला जमली. नाशिकच्या गंगापूर रोडला दोन चकरा मारल्या, कुठे हूं का चूं नाही. पुढच्या रविवारी बायकोला डबलसीट घेतलं, मागच्या दोन्ही सामानपेट्या भरल्या आणि पुण्याला निघालो. शिंदे-पळसे मागे पडलं, मोहदरी घाटाच्या अलीकडे रस्ता जरा उंचसखल होता, तिथे मागून खर्रर्र आवाज आला. मला वाटलं खडी उडाली. दोन मिनिटांनी बायको म्हणाली, "अहो, काहीतरी जळल्याचा वास येतोय." सिन्नरला थांबून वाकून पाहिलं, तर मडगार्डच्या आतून जाणारी टेललाइटची वायर टायरने पार सोलून काढली होती. ब्रेकलाइट बंद, आणि मागे ट्रकांची रांग. दोष कुणाचा नाही, मीच माप घेतलं नव्हतं.

आता यातली गोम बघा. पट्टी लावली की शॉक तोच राहतो, त्याची दबण्याची चालही तेवढीच राहते. फक्त चाक सुरुवातीलाच इंचभर वर सरकलेलं असतं. म्हणजे खड्ड्यात शॉक पूर्ण दबला की टायर मडगार्डच्या आत पूर्वीपेक्षा इंचभर जास्त घुसतो. त्यात मोठं चाक. गाडी खाली बसवणं वरून जागा खातं आणि चाक खालून, आणि दोघांच्या मध्ये टायर-मडगार्डमधली ती एकच फट आहे. उभ्या गाडीत हे दिसतच नाही. एकटे फिरलात तरी कळत नाही. कळतं ते डबलसीट, सामान आणि खड्डा तिन्ही एकत्र आले की.

आखूड शॉक बनवणारा त्याची चाल कमी करून देतो, त्यामुळे पूर्ण दबल्यावर चाक जवळपास मूळच्याच जागी थांबतं. याची किंमत वेगळी मोजावी लागते. या गाडीच्या मागच्या चाकाची चाल मुळातच दोन-तीन इंचांच्या घरात. त्यातून इंच काढला तर उरतं किती? गाडी पावणेचारशे किलोची, वर तुम्ही दोघं. त्यामुळे स्प्रिंग कडक लागते, आणि स्प्रिंग कडक झाली की प्रत्येक स्पीडब्रेकर कमरेत मोजायचा. बायकोची पाठ दुखायला लागली की टूरिंग संपलं, हे मी अनुभवाने सांगतो.

चाक घेताना रिमच्या इंचांवर जाऊ नका, टायरची पूर्ण उंची काढा. १८०/६५-१६ म्हणजे रिम ४०६ मिमी आणि वर-खाली मिळून २३४ मिमी रबर, एकूण ६४०. १८०/५५-१८ चं हेच गणित ६५५ वर येतं. म्हणजे रिम दोन इंच वाढली तरी टायर फक्त दीड सेंटिमीटर उंच झाला, कारण रबराची भिंत ११७ वरून ९९ मिमीवर आली. ही बारीक भिंत दिसते झकास, पण पावसाळ्यानंतर त्र्यंबक रोडवर पाण्याने भरलेल्या खड्ड्यात गेलात की मार थेट रिमवर. आणि मापाच्या मोहात भार-निर्देशांक (टायर किती वजन पेलतो तो आकडा) विसरू नका, मूळ टायरपेक्षा कमी भाराचा टायर या गाडीला चालणार नाही.

फट मोजायची रीत अशी. नवीन शॉक पूर्ण दबल्यावर दोन्ही डोळ्यांमधलं (टोकांच्या बोल्टाच्या भोकांमधलं) अंतर किती राहतं ते विक्रेत्याकडून घ्या. तेवढ्या लांबीची सागाची दोन दांडकी कापून टोकांना भोकं पाडा. गाडी फ्रेमखालून लिफ्टवर घ्या, दोराने पक्की बांधा, शॉक काढून त्या जागी दांडकी बसवा. मडगार्डच्या आतल्या बाजूला, खास करून बोल्टांच्या डोक्यांवर आणि वायरच्या क्लिपांवर, शाडूच्या मातीचे गोळे चिकटवा आणि चाक हाताने फिरवा. मातीवर टायरचा ठसा उमटला तर ते चाक तुमचं नाही. मी किमान अर्धा इंच मोकळा ठेवतो, कारण वेगात टायर थोडा फुगतोही. पेटीची आतली भिंतही त्याच वेळी बघून घ्या. अर्ध्या दिवसाचं काम, खर्च जवळपास शून्य.

पुढच्या २१ बद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण खरी गडबड तिथे आहे. १३०/६०-१९ च्या जागी १३०/६०-२१ टाकलात की पुढचा अॅक्सल २५ मिमी वर जातो. मागून इंचभर उतरलात, १८ च्या टायरने सातेक मिमी परत दिले, म्हणजे पुढचा-मागचा फरक सव्वाचार सेंटिमीटरचा. एवढ्या लांब गाडीत हा दीड अंश झुकाव होतो. २६ अंशांचा रेक (हँडल ज्या दांड्यावर फिरतं त्याचा मागचा कल) साडेसत्तावीस होतो आणि ट्रेल (त्या दांड्याची रेष जमिनीला जिथे लागते तिथपासून टायर टेकतो तिथपर्यंतचं अंतर) माझ्या हिशेबाने सव्वादोन-अडीच सेंटिमीटर वाढतो. सरळ हायवेवर गाडी रुळावर असल्यासारखी जाईल, मजा येईल. पण कसाऱ्याच्या वळणांत किंवा द्वारका चौकाच्या गर्दीत हँडल ओढून ओढून खांदे भरून येतील. हा ट्रेल कमी करायला वेगळ्या कोनाच्या टी-प्लेट (पुढचे फोर्क धरणाऱ्या प्लेट) मिळतात. त्या चांगल्या बनावटीच्या घ्या, अंबडला लेथवर करून देणारे भेटतील, त्यांना नमस्कार करून पुढे जा. एबीएसचा हिशेबही पुढच्या-मागच्या चाकांच्या फेऱ्यांवर चालतो, त्यामुळे चाक एबीएसच्या (फेऱ्या मोजायला लागणाऱ्या) बेअरिंगला जुळणारं आहे ना, हे पैसे देण्याआधी विचारा.

तोच दीड अंश हेडलाइटलाही लागू. पन्नास मीटरवर झोत सव्वा मीटर वर जातो. रात्री समोरचा प्रत्येक ट्रकवाला डिपर मारायला लागला तर समजून जा. साइड स्टँडचंही तेच, गाडी खाली आली की स्टँड लांब पडतो, गाडी जवळजवळ उभीच राहते आणि जरा उताराच्या जागी पलीकडे कलंडते. आखूड स्टँड घ्या. मागचं चाक फिरवणाऱ्या बेल्टचा ताण दोघं बसल्यावर पुन्हा तपासा.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निकाल, दोन्ही कंपनीच्या मूळ तपशिलाबाहेरच्या बदलांच्या विरोधात आहेत. दंड प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये. पेठ रोडच्या आरटीओपेक्षा मला भीती विम्याची वाटते. अपघातानंतर सर्व्हेअरने चाकाकडे बोट दाखवलं की वाद तुम्हालाच घालायचा.

मी शेवटी काय केलं? १८ ची रिम ठेवली, पट्ट्या भंगारात टाकल्या, अर्धा इंच आखूड शॉक बसवले आणि पुढचं चाक १९ चंच राहू दिलं. मडगार्डच्या आतली वायर नळीत घालून कडेला बांधली. माझी दांडकी अजून माळ्यावर पडलीत, पण ती माझ्या शॉकच्या मापाची. तुम्ही तुमची कापा.