ओतीव भागात भोक पडलं तर आधी ते ओळखा

ॲल्युमिनियमच्या भागात भोक दिसलं की लगेच साच्याच्या वाळूला दोष देऊ नका. भाग कापून भिंगाखाली बघा. पोकळी गोल आणि आतून गुळगुळीत असेल तर ती वायूची. खडबडीत, फाटल्यासारखी आणि जाड भागात असेल तर आकुंचनाची, म्हणजे गोठताना धातू आक्रसल्याची. नवशिके इथेच चुकतात आणि भलताच उपाय करत बसतात.

ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सियसला वितळतं. साधारण ७०० ते ७५० ला ओता. उगाच जास्त तापवलं तर ओलाव्यातला हायड्रोजन ते शोषतं, आणि गोठताना तो सामावेनासा झाला की बुडबुडे आतच अडकतात. म्हणून भंगार आणि ढवळायची सळई आधी कोरडी तापवून घ्या. ओला तुकडा वितळलेल्या धातूत गेला तर स्फोट होतो, इथे हयगय नकोच. हिरव्या वाळूत, म्हणजे साच्याच्या माती मिसळलेल्या ओलसर वाळूत, पाणी ३ ते ५ टक्के पुरे. मूठ दाबून गोळा मोडल्यावर कडा स्वच्छ तुटायला हव्यात.

आकुंचनाला उपाय रायझर, म्हणजे भागाला जोडलेला वितळलेल्या धातूचा जादा साठा. तो जाड भागालगत हवा आणि त्या भागानंतर गोठायला हवा, नाहीतर तोच भागातला धातू ओढून घेतो.

ओतताना धार अखंड ठेवा. मध्ये थांबलात तर थंड जोड राहतो, म्हणजे आधीचा आणि नंतरचा धातू नीट एकजीव होत नाही.